दोन एकर तीस गुंठे

पलूसजवळच्या एका गावच्या पाणी संस्थेचं काम आमच्या सांगलीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसकडे आलं आणि साताऱ्याहून नवाच आलेल्या मला गुरू मिळाला. गुरू म्हणजे एक निवृत्त सुभेदार. फौजेत वायरलेस सांभाळलेला हा माणूस घरी परतल्यावर हौसेने सी भाषा शिकला होता. कुणाच्या रानाला किती तास पाणी सोडायचं, हे काढणारा संस्थेचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला.

मोबाइलवर दिसणारा नवा भाग मी पायथनमध्ये लिहायचा आणि तास मात्र त्यांच्या जुन्या सी फंक्शनलाच विचारायचे, असं ठरलं. एका भाषेने हाक मारायची, दुसरीने ओ द्यायची. ते शेजारी बसून भाजलेल्या शेंगा सोलत आणि कीबोर्डवर सांडलेली फोलपटं फुंकून उडवत. ‘आतलं वाचून घे रं, मग जोड,’ म्हणत. मी शहाणा, वाचलं नाही. काय मजेचे दिवस होते ते! आजही त्यांची फार आठवण येते.

नव्या प्रोग्रामच्या यादीने पाण्याची पहिली पाळी निघाली आणि चारीच्या शेवटी रान असलेल्या एका बाईंपर्यंत पाणी पोचलंच नाही. त्यांच्या हळदीने माना टाकल्या. सभेत सगळे म्हणाले, जुना प्रोग्राम चुकतोय. सुभेदार उठले आणि बाईंसमोर हात जोडले.

‘ताई, माझंच कायतरी चुकलं आसंल.’

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं फंक्शन पहिल्यांदा वाचलं. आमच्याकडे २.३० लिहिलं की दोन एकर तीस गुंठे, आणि एकराचे गुंठे चाळीस. फंक्शन तसंच वाचायचं. मी मात्र हुशारीने त्याचे पावणेतीन एकर, म्हणजे २.७५ करून पाठवत होतो. त्याने ते दोन एकर पंच्याहत्तर गुंठे धरलं. जवळजवळ सगळ्यांचे तास फुगले आणि बाईंची पाळी यायच्या आत ठरलेले दिवस संपून पाणी बंद झालं. चूक शंभर टक्के माझी होती.

तसाच सुभेदारांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

‘तपासलंस कशावर?’

‘एक एकर, दोन एकर घालून पाहिलं. बरोबर आलं.’

‘गड्या, वाटण्या हून हून हितं पुरा एकर ऱ्हायलाय कुणाचा?’ म्हणाले आणि खो खो हसले. मग हळूच म्हणाले, ‘सभेत सांगशील न्हवं?’

‘सांगतो की.’

यादी दुरुस्त केली. बाईंना पाणी मिळालं, हळद वाचली. आता कशाला विषय काढा, म्हणून मी एक सभा टाळली, मग दुसरी. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

तिसरी त्यांची शोकसभाच होती. त्याच बाई डोळे पुसत उठल्या.

‘लय भला माणूस. एकदा चुकला, पर चूक सोताच्या तोंडानं कबूल केली.’

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.