नालंदानगर, एक द्या

तुमच्या गावाबाहेरच्या वस्तीला तुम्ही काय म्हणता? कागदावरचं नाव सोडा. बसमध्ये, घाईत, तोंडातून काय निघतं? खरं सांगा.

आमच्या वस्तीचं जुनं नाव मी इथं लिहिणार नाही. ते जातीचं होतं. न लिहिताच कळलं ना तुम्हाला? हीच त्याची ताकद. शब्दाची अन् जागेची गाठ देवानं बांधलेली नसते, माणसांनी मारलेली असते. पण हजार तोंडांनी रोज म्हटलं की ती दगडासारखी घट्ट होते, आणि मग शब्दच माणसाला सांगतो, तू कुठं बसायचं. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. दहावी नापास आहे मी. रद्दीतली पुस्तकं वाचली आणि बाकीचं तहसीलच्या पायऱ्यांवर कळलं. तीन वर्षं अर्ज, धरणं, भांडणं केली, तेव्हा कुठं अंबड–घनसावंगी रस्त्यावर निळी पाटी लागली: नालंदानगर. माझा सत्कार झाला. मला वाटलं, राजानंद, जिंकलास!

जिंकलं दुसऱ्याच कुणी. साजिया शेख, एसटीची कंडक्टर.

साजिया मूळची भोकरदनची. घरी उर्दू, शाळाही उर्दू. भरतीच्या वेळी 'ळ' जमावा म्हणून आरशापुढं उभी राहून 'नळ, केळ, बाभळ' घोकायची. आता भरल्या गाडीत तिचा आवाज शेवटच्या बाकड्यापर्यंत जातो.

त्या दुपारी त्याच आवाजात ती आमच्या थांब्याला जुनं नाव घेऊन ओरडली. माझं डोकं फिरलं.

"ओ बाई, पाटी वाचता येती का?"

"येती की." तिकिटाच्या मशीनवरून तिनं नजरही उचलली नाही. "पण तुमची पाटी रस्त्याकडं पाठ करून उभी हे, नेते. आधीच्या कंडक्टरनं जे सांगितलं, ते मी बोलून राह्यले."

गाडी हसली. खरंच होतं. सत्काराचा मांडव वस्तीच्या बाजूला होता. फोटो चांगला यावा म्हणून आम्हीच पाटीचं तोंड तिकडं केलं होतं. तरी मी भांडतच राहिलो, आणि भांडता भांडता माझा थांबा गेला. पुढं पेट्रोल पंपावर उतरलो. माझ्यामागं आमच्या वस्तीतल्या तातेरावची पोरगी अक्षता उतरली. अंबडला नर्सिंग शिकते ती.

साजिया दारातून वाकली. "ही पोरगी रोज इथं उतरती अन् उन्हात मागं चालत जाती. दोन महिने बघून राह्यले. का गं?"

अक्षता चपलेकडं बघत म्हणाली, "तिथं उतरले की वर्गातल्या पोरी खिडकीतून बघतात, ताई. तुम्ही नाव घेता ना, तेव्हा."

साजियाचा हात छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेला. "ही वाचली की लोक सूर बदलतात," ती हळू म्हणाली. "मला तर कळायला पाहिजे होतं."

तिनं डबल बेल मारली. दीड किलोमीटर मी पोरीबरोबर मागं चाललो. तीन वर्षं नावासाठी भांडलो मी, आणि हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन पाटी फिरवली. त्याच दुपारी साजिया गरजली, "नालंदानगर! चला, नालंदानगर!"

ड्रायव्हर कल्याण म्हणाला, "मॅडम, बिहारला लागली का गाडी?"

"तुम्ही ब्रेक लावा. बिहारचं मी बघते."

पण अक्षता उतरली नाही. कारण पुढच्या बाकड्यावर रामकिसनकाका होते. त्यांचं शेत थांब्यासमोरच. त्यांनी चढतानाच तिकीट मागितलं होतं ते जुन्याच नावानं, मुद्दाम मोठ्यानं.

"ते गाव माझ्या गाडीत न्हाई, काका."

"पन्नास वर्षं तेच म्हणून राह्यलो मी!"

"मंग थकले असाल. आता नवं म्हणा."

काकांनी तक्रार केली. साजियाला डेपोत साहेबांपुढं उभं राहावं लागलं. "पाटीवरचं नाव घेतलं, साहेब," तिनं सांगितलं. "पाटी आता बराबर दिसती." चौथ्या दिवशी ती परत त्याच गाडीवर, त्याच आवाजात.

तीन आठवडे ती ओरडत होती आणि अक्षता पंपावरच उतरत होती. मी चिडून विचारलं, "त्या पोरीला एकदा सांगत का न्हाई, उतर म्हणून?"

"तिला सांगणं सोपं हे, भाऊ. आधी गाडीतली तोंडं बदलू द्या."

मग एका दुपारी रामकिसनकाका फवारणीचा पंप सावरत धापा टाकत चढले. "नालंदानगर, एक द्या. जल्दी!"

आपण काय बोललो ते त्यांना कळलंही नाही. कल्याण आरशातून हसायला लागला, तसं साजियानं डोळे वटारले. मुकाट्यानं तिकीट दिलं.

थांबा आला. काका उतरले आणि त्यांच्या मागून अक्षता. खिडकीतून एक पोरगी ओरडली, "अक्षे, उद्या माझी वही आण गं!"

मी तोंड फिरवून डोळे पुसले. धूळ फार असते त्या रस्त्याला.

गेल्या महिन्यात साजियाची ड्यूटी दुसऱ्या रस्त्यावर लागली. आता नवा कंडक्टर आहे. प्रवाशांच्या तोंडी जे ऐकेल, तेच तो उद्या ओरडणार. म्हणून तुम्हाला सांगतो, आमच्या रस्त्यानं या नाहीतर तुमच्या गावच्या बसनं जा, वस्तीचं पाटीवरचं नाव घ्या, आणि मागच्या बाकड्यावरच्या पोरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिकीट मागा.