पोत्यावर पहिले तीच झोपली

हे लिहिणारच नव्हती मी. आई म्हणाली, "तिरडीच्या गोष्टी काऊन लिहून राह्यली? चांगलं काही सुचत नाई का तुले?" तेव्हा डोकंच फिरलं. म्हणून लिहून राह्यली.

आमच्या तळेगावात यशोदाबाईचं धान्याचं दुकान आहे. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं चालवलं, शेतीही केली. लोक पाठीमागं तिले तिरडीवाली म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत नाई कोणाची.

सत्त्याण्णवची गोष्ट. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटायचे दिवस. आमच्याच गावचे बाबाराव हरवलेला बैल शोधता शोधता टेकडीवरून नाल्यात पडले. मांडीचं हाड मोडलं. तिथं बैलबंडी जात नाई, जीप तर दूरच. त्यांचे भाऊ मधुकरराव पाठीवर घ्यायले गेले, तर बाबाराव असे ओरडले का शुद्धच गेली.

यशोदाबाईचं वावर बाजूलेच. ती रिकामे पोते घेऊन धावत आली. पऱ्हाट्यांच्या जुड्या पायाच्या दोन्ही बाजूंनी लावल्या, मधात कापूस कोंबला, पदर फाडून बांधलं. मग मचानाचे दोन बांबू काढले, पोत्यांचे खालचे कोपरे कापले अन् बांबू आतून आरपार घातले.

मधुकरराव अडले. "बांबूवर? चौघांच्या खांद्यावर? माहा भाऊ जिता आहे, वहिनी!"

बैल शोधायले सोबत आलेले दोघंही मागं सरले. बाबारावची बायको नलू नुसती रडून राह्यलती.

यशोदाबाई सरळ त्या पोत्यावर आडवी झाली.

"उचला मले."

"वहिनी, हे काय करता!"

"उचला, भाऊजी! नाल्याच्या वळणापर्यंत न्या. मेली तर तिथंच जाळा. नाई मेली तर याले घ्या."

कोणी हलेना. बायका खांदा देत नाईत आमच्याकडं. पण नलूनं डोळे पुसले अन् एक टोक खांद्यावर घेतलं. मग तिघांले लाज वाटली, अन् त्यांनी बाकीचे टोकं उचलले.

वळणावर यशोदाबाई उठली, लुगडं झटकलं. "जिती हाये ना? चला आता!"

बाबारावले तसंच रस्त्यापर्यंत नेलं, अन् ते वाचले. लंगडतात, पण बैलामागं अजूनही फिरतात. अन् मधुकररावच्या घरी माळ्यावर पोत्याची तशीच एक तिरडी बांधून ठेवली आहे. विचारलं तर म्हणतात, शिडी आहे.

ते तिरडीवाली म्हणणारे अजून म्हणतातच. म्हणू द्या! पण यशोदाबाईचे हात आता थरथरतात, अन् दिवाळी झाली का मुलगा तिले पुण्याले नेऊन राह्यला. त्याच्या आधी जा. तळेगावच्या बसस्टँडमागं दुकान आहे. दोन रिकामे पोते घेऊन जा, ती बांधायले शिकवते. फक्त पहिले तुम्हालेच झोपवते, घाबरू नका.