मागच्या खुर्चीवरून

"हाताला मेंढरांचा वास येतो तुझ्या," सर म्हणाले आणि टेबलावरचं फडकं घेऊन त्यांनी कीबोर्ड पुसला.

मी फक्त एक बटन दाबल्तं. आपापलं नाव टाइप करा म्हणून त्यांनीच सांगितल्तं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं उमटलं. पोरं हसली. वकिलाची पोरगी माझ्या जागेवर येऊन बसली. सरांनी मला भिंतीकडची खुर्ची दाखवली. "मागं बस. बघूनही शिकता येतं."

मी जाऊन बसले. राग आला न्हाई. रडू आलं न्हाई. हात मांडीवर ठेवले. ते दुसऱ्याच कोणाचे वाटले.

जाफराबादला बसस्टँडसमोर माडीवर तो कॉम्प्युटर क्लास होता. आम्ही धनगर. बारावी झालेली घरातली मी पहिलीच. बापानं मेंढरं विकून फी भरल्ती, बाकीच्यांनी भरली तेवढीच. तो विचारायचा, जमून राह्यलं का? मी मान हलवायची. सगळा उन्हाळा मी लोकांच्या पाठी बघितल्या.

क्लास सुटला की रशीदचाचांच्या दुकानात जायची. ते लग्नपत्रिका छापायचे, मी घड्या घालायची. तिथं कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर बंद पडून होता. चाचांना एका मासिकासोबत सीडी मिळाल्ती. लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवायची सिस्टिम. फुकट होती, ज्याला पाहिजे त्यानं टाकून घ्यावी, वाटावी असं मासिकात लिहिलेलं. मी विचारलं, टाकून बघू का? चाचा म्हणाले, "बिगडेला है. और क्या बिगडेगा."

सगळं इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन वाचायची. एकदा अर्ध्यातच अडकलं. मंग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी काळा पडदा आला आणि त्यावर पांढरी अक्षरं. नाव विचारलं, टाकलं. पासवर्ड विचारला. मी टाइप करून राह्यले, पण पडद्यावर काहीच उमटंना. टिंबसुद्धा न्हाई. जोरात दाबलं, तरी न्हाई.

माझ्या बोटांतच काही खोट असंल, असं मला खरंच वाटलं. मी हात मांडीवर घेतले. क्लासात घ्यायची तसेच.

मंग मासिक उघडलं. त्यात लिहिल्तं, पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत न्हाईत, पण ती आत जातात. पुन्हा टाकला. एंटर दाबलं. आत गेले.

आनंद झाला असं न्हाई म्हणता येणार. एक गोष्ट तेवढी कळली. मशीनला माझ्या हाताचा वास येत न्हाई. तो त्या माणसाला येतो. खोट त्याच्यात आहे.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले आणि पहिल्या कॉम्प्युटरवर बसले. मला अजून फार काही येत नव्हतं. तरी बसले.

"ऊठ," सर म्हणाले.

"न्हाई उठणार. फी भरली आहे."

"सर्टिफिकेट मिळणार नाही."

"नका देऊ."

त्यांनी भिंतीवरचं बटन बंद केलं. पडदा विझला. मी कीबोर्डवर हात ठेवून विझलेल्या पडद्यासमोर बसून राह्यले, क्लास सुटेपर्यंत. कोणी हसलं न्हाई. कोणी माझ्या बाजूनं बोललंही न्हाई.

सर्टिफिकेट मिळालं न्हाई. त्याच्यापायी पुढं नोकऱ्या गेल्या. चाचांच्या दुकानातच शिकत गेले, चुकत गेले. आता लोक सांगतात, विसर, शिकलीस ना शेवटी? सरही आता म्हातारे झालेत म्हणे.

होऊ द्या. मी विसरणार न्हाई. माफ तर बिलकुल करणार न्हाई. मी जिथं असेन तिथं कोणा पोरीला मागं बसवून दाखवा. मी मधे उभी राहीन.