रस्त्याच्या बाजूनं शाबूत

"मावशी, आई गेल्या…" अकोल्याहून सुनंदाताईच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीला शाळेत निघाले होते. मी 'बरं' म्हटलं आणि पर्स घेऊन शाळेत गेले. रडू आलंच नाही. सख्ख्या बहिणीहून जवळची ही मावसबहीण, पण आठ महिने मी तिच्याशी बोलले नव्हते.

चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी संपल्यावर ताईनं जठारपेठेतल्या घराच्या गच्चीवर सुती साड्या रंगवायला घेतल्या. पळसाच्या गळालेल्या फुलांचा पिवळा, ऐनाच्या झाडाच्या सालीचा तपकिरी. साल मेळघाटातल्या बाया आणत, तीही फक्त आपोआप पडलेल्या झाडांची. निदान प्रदर्शनांत मी तसं सांगायचे. "या साडीसाठी एकही जिवंत झाड दुखावलेलं नाही," हे माझं वाक्य. बोलणं मला जमायचं, ताईला नाही. ती मागे घड्या घालत बसायची आणि मान हलवायची.

गेल्या वर्षी मोठ्या कौतुकानं शाळेतल्या मुलींना ते जंगल दाखवायला नेलं. रस्त्यावरून झाडं धडधाकट दिसत होती. साल गोळा करणारी सुमरतीबाई आम्हाला आत घेऊन गेली. प्रत्येक ऐनाची मागची बाजू सोललेली, काहींची पालवीही सुकलेली. मी सुमरतीबाईवरच ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "पडेल झाड रोज कुठून आनू बाई? ताईनंच तं सांगतलं, उभ्याची काढा. फकत रस्त्याच्या बाजूनं काढू नका म्हने."

तशीच अकोल्याला गेले. ताई गच्चीवर साडी पिळत होती, हात मनगटापर्यंत तपकिरी.

"मले काहून नाही सांगितलं?"

तिनं वरही पाहिलं नाही. "मागणी वाढली, पडेल झाडं किती पुरतीन? अन् तुले सांगतलं असतं तं तुह्या तोंडातून ते वाक्य निंघालं नसतं. तुले खरं वाटे, म्हनून लोकायले वाटे."

झाडांचं दुःख होतंच… पण माझा खरेपणा तिनं असा वापरायला काढला होता, हे जास्त लागलं. मी पाणीही न पिता जिना उतरले. नंतर तिचे फोन यायचे. मी ते वाजू द्यायचे.

तेरवीला गेले. गच्चीवरच्या खोलीत दोरीवर तिच्या शेवटच्या साड्या होत्या… सगळ्या तपकिरी. म्हणजे माझ्या त्या भेटीनंतरही काही थांबलं नव्हतं. खाली उतरले, तर तशीच साडी नेसलेल्या एका बाईंनी माझे हात धरले. "तुमच्या शब्दावर घेतली हो ही. किती जपून नेसते मी!"

"रंग पक्का आहे," मी म्हणाले.

तेवढंच म्हणाले. ताईसारखी मान हलवली आणि पानावर जाऊन बसले. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पण वर्तमानपत्राची ही पुरवणी त्या वाचत असतील, म्हणून इथे लिहिते. बाई, तुमच्या साडीसाठी झाड दुखावलं होतं.