मामाच्या मागे लिहिलेले शब्द

बाजारात मामाला मारलं तेव्हा त्याच्या हातात मी लिहिलेली पत्रकं होती. गावच्या गायरानाला एका वजनदार माणसानं तारेचं कुंपण घातलं होतं. ते कुणाच्या हुकमानं, एवढंच पत्रकात विचारलं होतं. भाजीच्या ओळीत त्याच्या चौघा माणसांनी मामाला गाठलं. दोघांनी धरलं, तिसऱ्यानं कमरेचा पट्टा काढला, चौथ्याजवळ कुऱ्हाडीचा दांडा होता.

समोरच्या दुकानातून बांगडीवाल्या चाचांनी फोनवर चोवीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि मला अमरावतीला पाठवला. तो पाहून मी रडले नाही. कॉम्प्युटर उघडला.

आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबांनी मला अक्षरं त्यांच्यावरच शिकवली. अन्याय झाला की आधी मथळा ठरवायचा, जाड, लांबून वाचता येईल असा. मी मथळा ठरवला: ‘बघा, हे कोण आहेत’. ते शब्द मला मामाच्या मागे हवे होते. माणूस पुढे, शब्द त्याच्या पाठीशी.

त्यासाठी तोच व्हिडिओ दोनदा एकावर एक ठेवतात आणि मधे अक्षरं. वरच्या व्हिडिओतून माणूस तेवढा कापून ठेवायचा, बाकीचं पुसायचं. मग अक्षरं त्याच्या मागे गेल्यासारखी दिसतात. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण पट्टा फिरला की ते गोंधळायचं, मामाचा हात आणि पट्टा एकच समजायचं. म्हणून मी हातानं कापलं. एका सेकंदाची पंचवीस चित्रं. दांडा वर, दांडा खाली. मनगट वळू नये तिकडं वळलेलं. तोंडातलं रक्त हनुवटीवर कुठवर आलं हे मला चित्रागणिक माहीत होतं, कारण त्याच्या कडेनं रेघ मी ओढत होते. त्यांनी मामाला चोवीस सेकंद मारलं. माझ्या पडद्यावर तो दोन दिवस मार खात होता.

व्हिडिओ सगळीकडे फिरला. अनोळखी लोकांनी शाबासकी दिली आणि मला ती आवडली.

मामा अकोल्याला दवाखान्यात होता, हात प्लास्टरमध्ये. मी त्याला फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यानं दोनदा पाहिला. म्हणाला, “अक्षरं मस्त आले. पण दांडेवाला कुठं गेला, पोरी?”

मी पाहिलं. मी फक्त मामाला कापलं होतं. दांडेवाला मामाच्या मागे उभा होता, म्हणजे माझ्या अक्षरांच्याही मागे. माझी दोन जाड अक्षरं शेवटपर्यंत त्याच्या तोंडावर बसली होती. आणि मामाच्या तक्रारीवर त्याचं एकच म्हणणं होतं, की तो त्या दिवशी बाजारात नव्हताच.

चाचांनी पाठवलेला, अक्षरं नसलेला व्हिडिओ माझ्याकडे होता. तो घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. तोवर व्हिडिओ कुठून काढलाय ते ओळखून ते चौघं चाचांच्या दुकानी जाऊन आले होते. त्यांनी चाचांचा फोन पायरीवर ठेवून दांड्यानं ठेचला होता. उरली माझ्या कॉम्प्युटरमधली प्रत. साहेबांनी दोन्ही व्हिडिओ शांतपणे पाहिले. त्यांचं म्हणणं, ज्याचा फोन त्याचा पुरावा, ही प्रत कारागिराच्या घरून आली. मी तावातावानं बोलले. कायद्याचं बोलले, बाबांच्या पत्रकांतली वाक्यं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमी माणसाच्या मागं अक्षरं घालू शकता, तर कोनाच्या हातात दांडा घालाले तुमाले किती वेळ लागते?”

खरंच फार वेळ लागत नाही.

तिथून मी चाचांकडे गेले. जबाब द्याल का, एवढं विचारायला मला अर्धा तास लागला. ते गिऱ्हाइकानं विस्कटलेल्या बांगड्या रंगांप्रमाणे लावत होते. हात थांबला नाही. “फोन होता तवा फोन बोलला असता, बेटी,” ते म्हणाले. “आता मले बोला लागते.” आणि पुढच्या रंगाच्या बांगड्या ओढून घेतल्या. मी त्याला नकार समजून परतले.

तिसऱ्या दिवशी ते दुकान बंद करून एकटेच ठाण्यात गेले आणि चौघांची नावं सांगून आले. दांडा कुणाच्या हातात होता, तेही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन आला; तो दवाखान्यातून गावी परतला होता. मी मिळाली ती गाडी धरली. दुकानाचं शटर मधून वाकलं होतं, आतली काचेची कपाटं फोडली होती. पायरीपासून रस्त्यापर्यंत लाल, हिरव्या काचा. चाचा खुर्चीवर बसले होते, भुवईवर फडकं दाबून, आणि फडक्यातून रक्त कोपरापर्यंत येऊन सुकलं होतं. सकाळी दुकान उघडताना त्यांना गाठलं होतं. प्लास्टरचा हात छातीशी धरून मामा दुसऱ्या हातानं काचा गोळा करायला वाकला, तसं चाचांनी त्याला थांबवलं.

मला माफी मागायची होती. ते म्हणाले, “शूट कर. अन् त्याच्यावर काही लिहू नको.”

मी शूट केलं. शटर, कपाटं, पायरी, भुवई. मग कॉम्प्युटरला न लावता फोन तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ठेवून घ्या म्हटलं.