लातूरच्या सामन्याआधी खोडलेलं नाव

यादीतून त्याचं नाव मीच काढलं. एवढंच केलं असतं तर चुकलेला निर्णय म्हणून सोडून देता आलं असतं; संघ चालवणाऱ्याचे निर्णय चुकतात. पण मी त्याला ते सांगितलं नाही. नांदेडहून लातूरपर्यंत तो माझ्या शेजारी बसून आला, मैदानावर बूट बांधून रांगेत उभा राहिला, आणि त्याचं नाव का नाही असा प्रश्न आला तेव्हा मी खोटं बोललो. तेही त्याच्या मुलीसमोर.

मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. फुटबॉल मला कधीच नीट खेळता आला नाही, पण अर्ज भरणं, पत्रं लिहिणं, बिलं जपून ठेवणं जमायचं, म्हणून आमच्या क्लबचं सचिवपद माझ्याकडे आलं आणि चिकटून राहिलं. बरीच वर्षं आमचा क्लब हौशी होता. मग शहरातल्या एका बिल्डरने तो हातात घेतला, खेळाडूंना दरमहा मानधन सुरू झालं आणि आम्ही राज्याच्या लीगमध्ये खालच्या गटात उतरलो. चौकात आमचे फ्लेक्स लागले. लोक मला रस्त्यात थांबवून संघाबद्दल विचारायला लागले, आणि खरं सांगतो, ते मला फार आवडायचं.

दुसऱ्याच हंगामात आम्ही तळाला गेलो. शेवटचे तीन सामने उरले होते आणि तळाचे दोन संघ लीगच्या बाहेर पडणार होते. बिल्डरसाहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "सर, बाहेर पडलात तर पुढच्या वर्षी मला धरू नका," एवढंच म्हणाले. पंचवीस खेळाडू त्या मानधनावर घरी शब्द देऊन बसले होते. वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. जेवण जात नव्हतं. बायको म्हणाली, "एवढी काळजी स्वतःच्या रक्तदाबाची केली असती तर?"

हंगाम चालू असताना दुसऱ्या क्लबचा खेळाडू घेता येत नाही. मात्र ज्याचा करार संपलाय किंवा ज्याला क्लबने सोडून दिलंय, तो मोकळा खेळाडू. त्याला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत घेता येणार होतं. असे तिघे आमच्या आवाक्यात होते. एक कामठीचा बचावपटू, उंच, कमी बोलणारा, फोनवर फक्त "कधी यायचं?" विचारणारा. दुसरा निजामाबादचा तरुण गोलरक्षक. आणि तिसरा हैदराबादचा पुढचा खेळाडू, मोठ्या क्लबात खेळून आलेला, ज्याच्या गोलांचे व्हिडिओ आमच्या खेळाडूंच्या मोबाइलमध्ये आधीपासून होते.

आमचे कोच शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. मैदानाच्या कट्ट्यावर आम्ही दोघे बसलो होतो.

"सर, एक सांगा. आपण गोल मारत न्हाई म्हणून हारून राहिलो का खाऊन राहिलो म्हणून?"

"दोन्ही."

"न्हाई. खाऊन. मधून येऊन निवांत मारून जायलेत लोक. कामठीवाला घ्या, गप."

"त्याला कोण ओळखतं?"

"गोल अडवायला ओळख कशाला लागती?"

मी मोबाइल काढून हैदराबादच्या खेळाडूचा एक गोल त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला, पुन्हा पाहिला.

"लई भारी हाय," ते म्हणाले. "पण असला माणूस मोकळा का हाय, हे इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. बिल्डरसाहेबांनाही तोच हवा होता, आणि मला वाटत होतं की एक चमत्कार झाल्याशिवाय आपण वाचत नाही. कामठीच्या खेळाडूकडून चमत्काराची आशा वाटत नव्हती. मी हैदराबादला फोन केला.

कोच शेवटी म्हणाले, "घ्या मग. डावीकडं आपला म्हातारा परत यायलाय, ती बाजू तरी बुजंल. कुणाला काढता?"

"तिसऱ्या गोलकीपरला," मी म्हणालो.

म्हातारा म्हणजे आमचा डावा बचावपटू. वय सदतीस. नांदेडातच, लातूर फाट्याजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. क्लब हौशी असल्यापासून तो आमच्यात होता. घोटा दुखावल्याने दोन सामने बाहेर बसला होता आणि लातूरच्या सामन्यात परतणार होता. लातूरला त्याची मुलगी हॉस्टेलवर राहून बारावी आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. कळत्या वयात तिने वडिलांना खेळताना पाहिलं नव्हतं. रविवारची टेस्ट संपली की वॉर्डनची परवानगी काढून ती मैदानावर येणार होती. आठवडाभर हे तो सगळ्यांना सांगत होता. "पोरगी येणार हाय. पडलो तर उचलू नका, मीच उठतो."

शुक्रवारी साडेचारला मी लीगच्या संकेतस्थळावर यादी उघडून बसलो. पंचवीस नावं भरलेली. नवं घालायचं तर एक काढायचं. तिसऱ्या गोलकीपरच्या नावावर मी बोट ठेवलं आणि मला त्याचे काका आठवले, बिल्डरसाहेबांच्या ऑफिसात बसणारे. दुसऱ्या एकाच्या घरून लगेच फोन आला असता. आणखी एक जण स्वतः भांडला असता, चारचौघांत बोलला असता. असं करत मी सगळी यादी खाली उतरलो. मग त्याचं नाव आलं. घोटा दुखावलाय, वय झालंय, अशी कारणं मी मनात मांडली, पण ती नंतर सुचलेली. तो काहीच बोलणार नाही, हे आधी सुचलं होतं. मी त्याचं नाव काढलं.

शनिवारी सरावाला मी गेलो नाही. कॉलेजात पेपर तपासायचे आहेत असं कळवलं.

रविवारी सकाळी दोन क्रूझर गाड्या निघाल्या. तो माझ्याच शेजारी येऊन बसला. मांडीवर डबा होता, बायकोने मुलीसाठी धपाटे करून दिलेले. लोह्याच्या पुढे सांगू, असं मी ठरवलं. लोहा मागे पडलं. मागच्या सीटवर गाणी चालली होती, एवढ्या गोंगाटात कसं सांगायचं? चाकूरला चुरमुऱ्यांचा सुशीला खायला थांबलो. तो माझ्यासाठी प्लेट घेऊन आला, वर जास्तीचे शेंगदाणे घालून.

"सर, तुमचा चेहरा उतरलाय. टेन्शन घेऊन राहिले का?"

"थोडं."

"नका घेऊ. आज डावीकडून कुणी जात न्हाई."

मी मान हलवली आणि प्लेटमध्ये बघत राहिलो.

लातूरच्या मैदानावर सामन्याआधी अधिकाऱ्यांनी ओळखपत्रं तपासायला घेतली. प्रत्येकाने पुढे यायचं, कार्ड दाखवायचं, यादीवर खूण व्हायची. घोट्याला पट्टी, मोजे वर ओढलेले, केसांना पाणी लावलेलं, असा तो रांगेत सातवा होता. कडेला दोरीपाशी त्याची मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन उभी होती. ती मोबाइलवर त्याचे फोटो काढत होती.

"हे नाव यादीत नाही," अधिकारी म्हणाले.

तो हसला. "सर, बघा बरं. गडबड झाली जणू."

कोच माझ्याकडे वळले. मी कागद चाळायला लागलो, माझ्या हातात जे कागद होते ते जेवणाच्या ऑर्डरचे होते. तेवढ्यात मुलगी दोरीखालून आत आली.

"काका, काय झालं?"

तिथे मला खरं बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "तुझ्या पप्पांनी नोंदणीच्या फॉर्मवर सहीच केली नव्हती. मी तीनदा आठवण केली."

तीनदा. ते कशासाठी जोडलं, अजून कळत नाही. खोट्याला टेकू लागतो म्हणून असेल.

मुलीचा चेहरा लाल झाला. मैत्रिणी बघत होत्या. "पप्पा! मम्मी सारखी हेच म्हणती. कागद आला की न वाचता ठेवून देता. माझ्या हॉस्टेलच्या फॉर्मचंबी असंच केलं होतं. एक सही करायला काय जातं तुमचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पुरेसा. मग तो म्हणाला, "हाव बाई. राहिली असंल." आणि खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला.

डाव्या बाजूला कोचनी मधल्या फळीतला एक जण उभा केला. मग ते माझ्याकडे पाठ करून रेषेपाशी उभे राहिले. विसाव्या मिनिटाला हैदराबादच्या खेळाडूने असा गोल मारला की लातूरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी मला काय वाटलं तेही लिहायला हवं: मला वाटलं, बघा, बरोबरच होतो मी. मग त्याचा गुडघा धरला. तो लंगडत खेळत राहिला, आणि दुसरीकडे डावी बाजू उघडी पडली. त्यांचा पहिला गोल तिथून आला, दुसराही. तिसरा होईपर्यंत कुणी मोजत नव्हतं. आमच्या बाकावर म्हातारा साध्या कपड्यात बसून शेवटपर्यंत ओरडत होता, "मागं बघ! मागं बघ रे!" त्याची मुलगी मध्यंतरातच डबा घेऊन निघून गेली होती.

सामन्यानंतर हैदराबादचा खेळाडू गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून माझ्याजवळ आला. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतं.

"साब, वो बड़े भाई को निकाल के मेरे को लिये?"

मी पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागलो.

"पहले बोलना था ना. मेरे को बी ऐसेच निकाले थे. टीम की बस में बैठा, तब मालूम हुआ सीट नहीं है करके." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "उनको बोल दो साब. दिल में रह जाता."

मी "हां" म्हणालो. म्हाताऱ्याशी बोललो मात्र नाही. परतताना तो दुसऱ्या क्रूझरमध्ये बसला होता, आणि मला हायसं वाटलं.

उरलेले दोन्ही सामने आम्ही हरलो आणि लीगच्या बाहेर पडलो. बिल्डरसाहेबांनी शब्द पाळला. काही महिन्यांत क्लबच्या खोलीला कुलूप लागलं. खेळाडू पांगले, काही पुण्याला कामाला गेले. लोक मला रस्त्यात थांबवेनासे झाले. मीही लातूर फाट्याकडून जाणं सोडलं. कॉलेजला लांबच्या रस्त्याने जायचो आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून घरात कुरकुर करायचो. झोपेत "तीनदा आठवण केली" हे माझ्याच आवाजात ऐकू यायचं. बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी आवरत होती. तिने विचारलं, "मला कशाला सांगायलात?"

दीड वर्षाने, दिवाळीच्या सुटीत, मी त्याच्या दुकानात गेलो. तो जमिनीवर मांडी घालून मोटारीत तांब्याची तार भरत होता. "या सर," म्हणाला आणि पायाने स्टूल सरकवलं. मी बसलो नाही.

"फॉर्मवर तुझी सही होती," मी म्हणालो.

"हाव. तुमच्याच पेननं केली होती. तुम्हीच म्हणले, सगळ्यात आधी तू कर."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"पोरीसमोर? तिथं मी न्हाई तर तुम्ही, कुणीतरी खोटं पडणारच होतं. म्हणलं, सामना झाल्यावर सांगतील सर. मग म्हणलं, उद्या फोन येईल." तार ओढत तो म्हणाला, "लई दिवस वाट बघितली. मग सोडून दिलं."

"माझं..."

"मला नका सांगू सर. मला ठाऊकच हाय. तिला सांगा. अजून माझा एकेक कागद ती आधी वाचती, मग मला सही करू देती. शिकलेली पोरगी हाय, तिचं बी बरोबर हाय." त्याने मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "बाई, सर आलेत बघ."

दुकानामागेच घर. ती ओले हात पुसत बाहेर आली. आता ती लातूरलाच फिजिओथेरपीला होती. मला पाहून नीट हसली, तेच सोसवेना.

"काका, चहा टाकू?"

"थांब," मी म्हणालो. "तो सामना आठवतो का तुला? त्या दिवशी जरा घाईगडबडीत माझ्याकडून..."

त्याच्या हातातली तार थांबली. तो माझ्याकडे बघत होता, लातूरला बघितलं होतं तसाच. मी ते वाक्य तिथेच सोडलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"तुझ्या पप्पांनी सही केली होती. सगळ्यांच्या आधी केली होती. त्यांचं नाव मी काढलं, कारण ते भांडणार नाहीत हे मला माहीत होतं. आणि तुझ्यासमोर मी खोटं बोललो. एकदाही आठवण केली नव्हती, करायची गरजच नव्हती. तू त्यांना जे बोललीस ते मला बोलायला हवं होतंस. माझं चुकलं, बेटा. मला माफ कर."

मग मी त्याच्याकडे वळलो, खाली त्याच्यासमोर बसलो, आणि त्याला नको होतं तरी तेच पुन्हा म्हणालो. माझं चुकलं. मला माफ कर.