नवसाचं मी सांगितलेलं खोटं

आज रत्नागिरीत क्लिनिकला गेले होते. आमचा मुलगा टेस्ट ट्यूबच्या उपचारांनी झाला. त्या वेळचे दोन भ्रूण अजून तिथे गोठवून ठेवलेले आहेत. ते पुढे ठेवायचे की नाही, याच्या फॉर्मवर दर वर्षी सही करावी लागते.

बाकड्यावर आमच्या वाडीतली एक जण बसली होती. तिचं नाव लिहीत नाही. तिलाही मूल होत नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिने मला विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही काय केलंत?" लोक काय म्हणतील म्हणून मी सांगितलं, देवीला नवस बोलले.

आज फॉर्म माझ्या हातातच होता. तिला सगळं खरं सांगून टाकलं.

ती हळूच म्हणाली, "मी चार वर्षं मंगळवार धरले, वहिनी. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, उशीर केलात."

मला मान वर करवेना. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

"आत येता काय माझ्याबरोबर? डॉक्टर बोलतात ते मला नीट समजत नाही."

मी गेले.

नवरा सोडला तर माझ्या सासरीही हे कुणाला माहीत नाही. आता इथे ही पोस्ट वाचतीलच. तुम्हाला कुणी असं विचारलं, तर तुम्ही तरी खरं सांगाल ना?